राजेश्रीबाईंनी कोरी ठेवलेली चौकट

राजेश्रीबाई लय हट्टी. पालमच्या एका दवाखान्यात त्या पेशंटची नोंद करायच्या, आणि "लिहा हो अंदाजानं" म्हणणाऱ्याला फाडून खायच्या. "कोणतं औषध चालत नाही?" या चौकटीसमोर पेशंट गडबडला, की चौकट कोरी. कोरी म्हणजे डॉक्टरांनी स्वतः खोदून विचारायचं. पेशंट ठामपणे बोलला तरच "काही नाही" लिहायचं. आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर, बारा वर्षं त्यांनी हा नियम मोडला न्हाई.

कॉम्प्युटरवरचा तो प्रोग्राम माझा. मी महांतेश, पूर्णेत माझं कॉम्प्युटरचं दुकान हाय. स्वतःला लय शहाणा समजायचो! सगळ्या नोंदी दवाखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरच, एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसच्या एका फायलीत. पहिल्यांदा मी पेशंटचं नाव-गाव थेट डेटाबेसला द्यायच्या हुकमाच्या वाक्यात चिकटवायचो. ते धोक्याचं, कुणी वेडंवाकडं टाइप केलं तर तेच हुकूम म्हणून चालायचं. म्हणून प्रिपेअर्ड स्टेटमेंट केलं. वाक्य एकदाच तयार करायचं, त्यात मोकळ्या जागा ठेवायच्या, दर पेशंटला त्या जागा भरायच्या आणि तेच वाक्य पुन्हा चालवायचं. सुरक्षित, वर झटपट. रांग भराभर सरकायला लागली तशी माझी छाती फुगली.

पण माशी शिंकली. वाक्य 'रिसेट' केलं की ते पुन्हा चालायला तयार होतं, जागांमध्ये भरलेलं जुनं मात्र तसंच राहतं. ते वेगळं पुसावं लागतं. मी पुसलंच न्हाई. वरून आणखी शहाणपणा: चौकट कोरी असली तर त्या जागेला हातच लावायचा न्हाई, असं प्रोग्राममध्ये लिहून ठेवलं. मग तिथं आधीच्या पेशंटचं उत्तर बसणार न्हाई तर काय! चाचणी घेताना मी सगळ्या चौकटी भरल्या होत्या. कोरी कोण ठेवतंय, म्हणलं.

धुरपताबाई पायाची जखम चिघळली म्हणून आल्या. औषधाचं विचारल्यावर म्हणाल्या, "ध्यानात न्हाई माय." राजेश्रीबाईंनी चौकट कोरी सोडली. आधीच्या माणसाचं उत्तर होतं "काही नाही". डॉक्टरांनी धुरपताबाईंच्या नावापुढं तेच वाचलं आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. परभणीला नेताना रस्त्यातच बाई गेली.

"मी कोरीच ठेवली होती," राजेश्रीबाई सांगत राहिल्या. डॉक्टरांनी मला बोलावलं. मी नोंद उघडली, बोट ठेवून दाखवलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाई." जळो माझी जीभ! त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं.

पंधरा दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. दोन महिन्यांच्या लेकरापुढं "सल्फाची गोळी चालत नाही" कुणी लिहिलं? जाऊन बघितलं, तर सलग चार नोंदींत तेच. पहिली नोंद एका म्हाताऱ्याची होती, बाकीच्या तिघांची चौकट राजेश्रीबाईंच्या जागी आलेल्या नव्या बाईनं भरलीच नव्हती. मी प्रोग्राम उघडला, आणि माझी चूक सापडली.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मिटलेलं कशाला उकरायलाव?" मी तसाच उठलो आणि राजेश्रीबाईंचं घर गाठलं. सगळं कबूल केलं.

"मला वाटायलं होतं, माझाच हात चुकला असंल," त्या म्हणाल्या. "तुमी एवढं छातीठोक सांगितलं! मी धुरपताबाईच्या लेकीकडं, सगुणाबाईकडं जाऊन आले. तिचे पाय धरले. म्हणलं, माय, तुझी आई माझ्या हातानं गेली."

मग मी सगुणाबाईच्या गावी गेलो. ओट्यावर उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चूक माझी, त्या बाईंची न्हाई. मला वाटलं, ही आता अंगावर धावून येईल. आली असती तर बरं झालं असतं.

"दादा, त्या बाईला मी चपलेनं मारलं," ती म्हणाली. "सगळं गाव बघायलं होतं. तिनं हातसुद्धा आडवा केला न्हाई."