रेडा आला तेव्हा मी का हललो नाही

आमच्या ख्रिस्ती मंडळीत मला ‘अढळ आजोबा’ म्हणतात. रहिमतपूरच्या बाजूला आमचं पत्र्याचं छोटं देऊळ आहे. उपासनेला कोणी नवा आला की माझ्याकडे बोट दाखवून त्याला रेड्याची गोष्ट सांगतात. ती गोष्ट मी आता सरळ करतो.

सुगीचा सण होता. लोकांनी रानातलं पहिलं पीक आणून वेदीपुढे ठेवलं होतं. उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. वाचन माझ्याकडे होतं. बायबलात पौल करिंथकरांना पत्रात सांगतो ते: सावध असा, विश्वासात स्थिर राहा, खंबीर व्हा. मी वाचायचा चष्मा लावला होता. त्यातून अक्षरं टपोरी दिसतात, पण चार हातांपलीकडचं जग पिठल्यासारखं.

‘स्थिर राहा’ म्हणालो आणि सगळी मंडळी धडाधड उठली. मला वाटलं, वाचनाचा परिणाम. इतकी वर्षं वाचतोय, आज प्रथमच लोक हलले! मग मधल्या वाटेने एक काळी, रुंद आकृती डुलत येताना दिसली. आमचे खजिनदार कायम उशिरा येतात आणि काळा कोट घालतात. मी म्हणालो, “या, पुढं या. बसा.”

तो शेजारच्या गोठ्यातून सुटलेला रेडा होता.

बायको इतरांबरोबर दारापर्यंत पळाली होती. ती परत आली, माझी बाही ओढू लागली. “आवं, चला की!”

“वाचन चालू आहे,” मी दटावलं.

तिने वेदीपुढचा ऊस उचलला आणि त्या आकृतीच्या तोंडापुढे धरला. खजिनदारांना ऊस का भरवते, हे मला कळेना. चष्मा काढला तेव्हा कळलं. मग मात्र माझे पाय खरोखरच हलेनात.

रेडा निवांत ऊस चघळत बसला. तोवर पाळकसाहेब खिडकीबाहेरून ओरडत होते, “बघा! आजोबा बसा म्हणाले आन् बसला!”

त्या वेळी एक वाक्य बोललो असतो तर सगळं मिटलं असतं. बोललो नाही. पुढे तर कहरच केला. घरात कशावरूनही वाजलं की मी तिला ऐकवायचो, “तू पळालीस, मी उभा राहिलो.” आपण पळालो होतो हे तिलाही मान्य होतं.

यंदा नव्या पाळकसाहेबांनी सणाचं वाचन तिला दिलं. वचन तेच. तिने नकार दिला. “मी पळपुटी बाई. स्थिर राहा म्हणून कुठल्या तोंडानं वाचू?”

तिने वाचनाची हौस पहिल्यापासून मनात बाळगली होती. दुपारी चुलीपुढे बसून मोठ्याने वाचायची, भाजी करपायची. ती हौस माझ्या टोमण्यांनी मेली होती. रात्रभर ते वचन माझ्या मानगुटीवर बसलं. स्थिर राहायच्या आधी सावध असायला सांगितलंय. मी तर पहिल्याच शब्दाला नापास! दिसलंच नाही, मग डगमगायचं कशाला? जिला दिसलं, जी भ्याली आणि तरी परत आली, तिच्याविषयी ते वचन होतं.

सणाला उभा राहिलो. सगळं सांगितलं, चष्म्यासकट.

मग खजिनदार उठले. “म्हंजे मी रेडा?”

“तसं न्हाई...”

“मग कसं?”

मागून कोणीतरी म्हणालं, “कोट अजून त्योच हाय, गड्या!” आणि सगळं देऊळ हसलं. पाळकसाहेबांनी हसू लपवायला प्रार्थनेला डोळे मिटले. ते बराच वेळ उघडले नाहीत.

बायको माझ्याकडे बघत होती. “मला खजिनदारांना ऊस भरवताना बघत व्हता व्हय? आन् गप ऱ्हायला?”

“व्हय,” मी म्हणालो.

“घरी चला, मग सांगते.” पदर खोचून ती पुढे गेली आणि वाचू लागली. खणखणीत. खंबीर व्हा म्हणून थांबायचं होतं, पण ती थांबली नाही. त्यापुढे, जे काही कराल ते प्रीतीने करा, असं आहे. ते तिने माझ्याकडे रोखून बघत वाचलं. मग अध्याय संपवला. मग पान उलटून पुढचं पत्र सुरू केलं. बाहेर मटणाचा रस्सा निवत होता. पाळकसाहेबांनी मला डोळ्यांनी खुणावलं, थांबवा म्हणून. मी जागचा हललो नाही.