पिकअपची करकर

आमच्या जुन्या पिकअपची करकर ऐकून बायकोने निर्वाणीचं सांगितलं होतं, "या रविवारी आवाज गेला नाही, तर गाडी विकायची." मी तिलाच गाडीचा मागचा भाग दाबून हलवायला लावलं आणि तांब्याने मागच्या पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगांच्या, सांध्यांतल्या एकेका रबरी बुशवर पाणी ओतत गेलो. डाव्या पाट्याचा बुश भिजला आणि आवाज थांबला. तोच बदलला. बोल्ट मात्र जॅक काढून, वजन चाकांवर आल्यावरच आवळला. गाडी अधांतरी असताना आवळलं तर रबर पिळवटतं. माणसाचंही असंच असावं, भार अंगावर आल्यावरच त्याची जागा पक्की होते.

गल्लीत फेरी मारली. गाडी गप्प.

"आता तुम्ही आलात हे कळणार कसं?" बायको म्हणाली.

मी हॉर्न वाजवला, जरा जास्तच वेळ.