आवरण गेलेल्या नसा

बारावीला जीवशास्त्र शिकवताना चेतापेशीची आकृती मी इतक्यांदा काढली होती की फळ्याकडे न बघताही ती जमायची. ते सगळं ज्ञान घरात कधी लागेल असं वाटलं नव्हतं.

यांचं पोट बिघडलं होतं, ते बरंही झालं. आठवड्याभराने सकाळी दुकानाला निघाले आणि जिन्यातच बसले. मंडईमागे यांचं कडी-कुलपांचं दुकान आहे. "पायांना मुंग्या आल्यात," म्हणाले. संध्याकाळपर्यंत पाय उचलेनात. दुसऱ्या दिवशी हातातून चमचा निसटला, तेव्हा रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

तिथे पायाला तारा चिकटवून विजेचे बारीक झटके दिले. पडद्यावर रेघ उमटायला वेळ लागत होता, आणि उमटली तीही बसकी. मला लगेच कळलं. कळल्यामुळे जास्तच थकायला झालं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटातल्या जंतूंशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच नसांवर उलटलंय. आपण बायॉलॉजीच्या ना? मग आपल्याला जास्त सांगायला नको."

त्या गेल्यावर हे म्हणाले, "मला सांग. माझ्या नसा आहेत."

मी खुर्ची ओढली. "पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. आतली बाजू बाहेरपेक्षा थोडी ऋण असते. संदेश निघाला की पेशीच्या पडद्यातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि तेवढ्या जागी भार उलटतो. मग पोटॅशियम बाहेर पडतं आणि जागा पूर्ववत होते. तोवर पुढची दारं उघडलेली असतात. असं करत संदेश पुढे जातो."

"मग अडलंय कुठे?"

"लांबच्या नसांना चरबीचं आवरण असतं, मध्ये मध्ये फटी. संदेश फटीवरून फटीवर उडी मारतो, म्हणून पटकन पोचतो. अहो, तुमचं ते आवरणच सोललं गेलंय. वाटेत भार गळतो. संदेश रखडतो, नाहीतर विरून जातो."

"म्हणजे मी सांगतोय आणि पाय ऐकत नाही, असं नाही."

"नाही. त्याला ऐकूच येत नाही."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "वर्गात एवढं सावकाश शिकवतेस का?"

पुढचे महिने सारखेच गेले. सकाळी कॉलेज, दुपारी दवाखाना, नंतर घरी व्यायाम. अंगठा हलवा म्हणायचं आणि अंगठ्याकडे बघत बसायचं. आवरण परत येतं, पण त्याला कुणाची घाई माहीत नसते. शेजारच्या बाई विचारायच्या, "सुधारणा आहे ना?" मी हो म्हणायचे; नाही म्हटलं की दारात उभं राहून सगळं सांगावं लागायचं.

उन्हाळ्यात ते काठी घेऊन उभे राहिले. डावं पाऊल अजून ओढतात. दुकान आता पुतण्या बघतो. हे दुपारी तासभर गल्ल्यावर बसून येतात.

नव्या वर्षी तो धडा पुन्हा आला. आवरणापाशी पोचल्यावर मी जरा थांबले. पुढच्या बाकावरच्या मुलीला वाटलं, मी विसरले. तिने हळूच पुढचा शब्द सांगितला. मी मान डोलावली आणि तो फळ्यावर लिहिला.