बटणाची जागा

पांढुर्ण्यातल्या आपल्या घरामागच्या छपरीत गुलाबरावाने सहा दिवसांत नऊ वेळा भिंतीवर कोळशाने विजेचे बटण काढले आणि नऊ वेळा पुसले. भिंत काळवंडली, पण बटण काही जागेवर बसेना.

बाकी सगळे ठरले होते. संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या कापायची गोल आरी मधोमध, बल्ब दोन. एका बटणासाठी एवढा घोळ कशाला, असे कुणालाही वाटेल. मग त्याने गुलाबरावाचा उजवा हात पाहावा. लोधीखेड्याच्या एका आरामशीनवर बारा वर्षे काढून, ऐंशी साली त्या हाताची दोन बोटे तिथेच ठेवून तो घरी आला. तिथे आरी बंद करायचे बटण दाराजवळ होते, आठ पावलांवर. पुढची पाच वर्षे त्याने लोकांच्या पेट्यांना खिळे ठोकले. आता घरची आरी येणार होती, आणि उरलेली आठ बोटे त्याला हवी होती.

सावरगावचा वायरमन प्रकाश म्हणाला, "मीटरखालीच लावा ना भाऊ. सगळे तिथंच लावतात." पण मीटर दाराजवळ होते. आरीच्या उजवीकडे लावावे तर तो हात अधू. डावीकडे लावावे तर तो फळी दाबून धरणार. गुडघ्याशी लावावे तर भुसा साचणार. गुलाबराव जितका विचार करी, तितका गोंधळ वाढे. रात्रीचे जेवण थंड होई आणि तो भाकरीच्या तुकड्याने ताटात मशीन मांडत बसे.

"उद्या वायर घेऊन येतो," प्रकाश शेवटी वैतागला. "तवापर्यंत ठरवा बा."

त्या दुपारी गुलाबरावाने दोन पेट्यांवर फळी ठेवली आणि कापायचे सोंग केले. कापलेली फळी ओढायला चंद्रकला, त्याची बायको, समोर उभी राहिली. आरी आल्यावर ते काम तिचेच होते.

"अवो, बोटं गेली त्या दिवशी तुमचे हात कुठी होते?"

"आरीपाशी. अजून कुठी राह्यतीन?"

"मंग बटण जवळ असतं तरी दाबलं कोन्त्या हातानं असतं?"

गुलाबरावाने फळी खाली ठेवली. त्या दिवशी समोर फळ्या ओढणारा दादाराव उभा होता. त्याचे दोन्ही हात मोकळे होते. तो बोंबलत दाराकडे पळाला होता, आठ पावले. ते गुलाबरावाला रोज आठवे, पण सहा दिवस तो भिंतीवर फक्त स्वतःचा हात शोधत होता. आपल्या अकलेची त्याला लाज वाटली.

चंद्रकलेने कोळसा उचलला आणि आपल्या बाजूच्या खांबावर गोल काढला. "मी तुमच्या हाताकडं पाह्यत राहीन. तुमी फळीकडं पाहा."

दुसऱ्या दिवशी प्रकाश आरीच्या जागेपासून त्या खांबापर्यंत टेप लावून पुन्हा पुन्हा मोजत राहिला. "भाऊ, काय करून राहिले तुमी? तुमचा हातच पुरत नाही इथं."

"माहा नाही पुरत," गुलाबराव म्हणाला. "तिचा पुरते."