हर्षदाच्या गळ्यातली शिट्टी

शालिग्रामला पोरीची शिट्टी ऐकू येत नव्हती, म्हणून त्याचा संशय बायकोवर, नूतनवर. सुरतेत लिंबायतच्या लूमखात्यात, मागांच्या खडखडाटात उभं राहून राहून त्याचे कान बसले होते. मोठं बोलणं कळायचं, बारीक आवाज निसटायचा. पण हे तो कबूल करील तर शप्पथ.

"पोर दम लेस तवय शिट्टी वाजस," नूतन म्हणायची. "उतानी टाकी का जास्तच. दूध बी मधमाच सोडी देस."

"माले तं काहीच आयकू येत नही. तुले अमळनेरले मायकडे जानं व्हई, तेनं निमित्त शे हाई."

"तुमले खात्याना भोंगा तरी आयकू येस का?"

शेवटी नूतनने हर्षदाला उचललं आणि थेट घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. शालिग्राम मागोमाग, चोरावर पाळत ठेवावी तसा.

बाईंनी पोरीला उताणी-पालथी करून कान लावला. म्हणाल्या, श्वासनळीच्या तोंडावरचं झाकण जन्मापासूनच लुसलुशीत दिसतं. दम घेतला की आत ओढलं जातं. पुष्कळ लेकरांचं वाढीबरोबर आपोआप घट्ट होतं, औषध लागत नाही.

औषध नाही म्हटल्यावर शालिग्रामचे डोळे बारीक झाले. गोळी न देणारा डॉक्टर त्यानं आजवर पाहिला नव्हता.

"पण हिचं वजन वाढत नाही, बरगड्या आत जातात. नाकातून दुर्बीण घालून बघावं लागेल."

"दख," तो नूतनच्या कानाशी लागला, "आते आली मुद्द्यावर. टीव्हीवर दुसरानीच पोरना गळा दखाडी अन् पैसा काढी."

म्हणून पोरीला त्यानं स्वतःच्याच मांडीवर धरलं. बारीक नळी नाकातून गेली. पडद्यावर गुलाबी झाकण फडफडू लागलं. शालिग्रामनं हळूच हर्षदाच्या अंगठ्याला चिमटा काढला. पोर कळवळून रडली, अन् पडद्यावरचं झाकण गपकन मिटलं. त्यानं पुन्हा चिमटा काढला. पुन्हा मिटलं.

"काय करताय?" बाई ओरडल्या.

"आपलीच पोर शे," तो नूतनला म्हणाला.

झाकणाच्या कडेचं जास्तीचं मांस काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या दिवशी त्यानं हर्षदाला सिस्टरच्या हातात दिलं आणि दाराच्या काचेला नाक लावलं. आतून कुणीतरी पडदा ओढला.

"नूतन, पडदा कसाले ओढा व्हई?"

"तुम्ही चिमटा काढश्यात म्हनीसन," ती म्हणाली.