टाकीपाशी काढलेले बूट

दसरा आला की ते प्रकरण आजही डोक्यात जाते. मी स्टुटगार्टच्या गुन्हे पोलिसांत होतो. लहानपणी वडिलांबरोबर बारामतीहून इथे आलो, त्यामुळे ठाण्यात मराठी माणूस आला की तो माझ्याच टेबलावर.

पेट्रोलमध्ये मिसळायची, इंजिन साफ ठेवणारी द्रव्ये बनवणारी ती कंपनी. आजोबांनी शेडमध्ये सुरू केली, मुलाने कारखाना उभारला, आता नातू मालक. हा सगळा इतिहास स्वागतकक्षाच्या भिंतीवर फोटोंसकट टांगलेला. त्या वर्षी त्यांच्या मालाने गाड्यांचे इंधनपंप चोंदले. मालकानेच खबर दिली, की पुण्याच्या एका इंजिनिअरने दसऱ्याच्या रविवारी टाकीत काहीतरी टाकले आणि ते कॅमेऱ्यात आले आहे.

चित्रीकरणात तो मिश्रणाच्या टाकीपाशी लाल पूड घेऊन उभा होता. "गेनाऊ, अगदी बरोबर! हाच आपला माणूस," माझा जर्मन सहकारी म्हणाला. मी मात्र त्याचे पाय पाहत होतो. टाकीजवळ जाण्याआधी त्याने बूट काढून बाजूला नीट ठेवले होते. घातपात करायला निघालेला माणूस बूट कशाला काढेल?

चौकशीत तो गप्पच. सराईत माणूस भरपूर बोलतो, घाबरलेल्या निर्दोषाची वाचा बसते. शेवटी मी मराठीत विचारले, "दसऱ्याची पूजा केलीत ना?"

त्याचे डोळे भरून आले. "हो साहेब. टाकीला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. झाकणाला हातसुद्धा लावला नाही. पण बुटांचं लिहू नका. प्लांटमध्ये सेफ्टी शूज काढले की थेट क्युंडिगुंग, कामावरून काढतात. नोकरी गेली की इथे राहायचं ब्लू कार्डही जाईल. मुलीची शाळा आत्ताच सुरू झालीये हो."

"लिहावं लागेल. पूजा म्हटल्यावर बूट आलेच."

नुसत्या पूजेवर सरकारी वकील ऐकणार नव्हता. मालाच्या प्रत्येक घाण्यातली एक सीलबंद बाटली कंपनीची प्रयोगशाळा जपून ठेवते. दसऱ्याच्या आधीच्या बाटल्या आम्ही जप्त केल्या. त्यांतही तोच गाळ निघाला. मालकाने गुपचूप स्वस्तातले द्रावक वापरायला लावले होते.

इंजिनिअर निर्दोष सुटला. मालकही पैसे भरून मोकळा झाला. पुढच्याच आठवड्यात त्याने आमच्या अहवालावर बोट ठेवून इंजिनिअरला काढून टाकले. कारण, बूट. दुसरी नोकरी वेळेत मिळाली नाही आणि ते कुटुंब पुण्याला परतले. त्या मालकाचा मला अजूनही संताप येतो.

नंतर एकदा त्या कंपनीत जाणे झाले. भिंतीवरच्या इतिहासात त्या वर्षापुढे नवी ओळ होती: 'सुरक्षेच्या नियमांत तडजोड नाही.' गाळाचा उल्लेख कुठेच नव्हता. तपास खरा निघाला म्हणजे न्याय झाला, असे मी तोवर धरून चालत असे.

पुढच्या दसऱ्याला त्याचा पुण्याहून फोन आला. शुभेच्छा देऊन झाल्यावर म्हणाला, "साहेब, इथे कारखान्यात यंत्रांची पूजा होती. सगळ्यांनी चपला-बूट काढले. माझा हातच बुटांकडे जाईना."