थरांच्या सीमेवरच्या लाटा

मी प्लाझ्मावर काम करत होतो. प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू की त्यातल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. आमच्या संस्थेत तो चुंबकाच्या जोरावर हातातल्या कड्यासारख्या पोकळीत कोंडायचे आणि मी संगणकावर त्याचं वागणं मांडून बघायचो. आत बारीक भोवरे उठतात नि उष्णता बाहेर पळते. शेजारशेजारचे थर वेगवेगळ्या वेगानं सरकवले की भोवरे ओढले जाऊन फाटतात, उष्णता टिकते. वेगातला फरक वाढवा, प्लाझ्मा शांत होतो, एवढंच आमचा शोधनिबंध सांगणार होता. माझा नोकरीचा करार वाढणं त्याच्यावरच अवलंबून होतं.

पण फरक फार वाढवला की थरांच्या सीमेवर नव्याच लाटा उठत आणि सगळा खेळ उधळत. आमचे गटप्रमुख सर म्हणाले, गणितात चूक असेल, त्या लाटांची आकृती वगळा. चूक नव्हती, मी उलटसुलट तपासलं होतं. तरी वगळली, आणि मसुदा घेऊन जानेवारीत रामाकोन्याजवळ आमच्या संत्र्याच्या बागेत आलो. पहिल्याच संध्याकाळी बाग बघणाऱ्या दादानं कामाचं विचारलं म्हणून त्याला ती आकृती दाखवली, वगळल्याचंही सांगितलं. तो नुसता "हाव" म्हणाला, म्हणजे हो.

आंबिया बहारासाठी आमच्याकडे झाडांना ताण देतात, म्हणजे पाणी बंद ठेवतात. मग पाणी सोडलं की झाड एकदम फुलतं. मोहगावकडं कुणीतरी ताण लांबवला आणि झाडं फुलांनी भरून गेली, असं दादाच्या कानावर आलं होतं. आमच्या भागात अर्धी शेती अशी ऐकूनच होते. सकाळी बागेत गेलो तर पानं वळलेली, खाली पानांचा सडा. मी भडकलो.

"दादा, ताण तोड, पाणी दे. झाडं मारून राहिला तू."

"अजून थोडा देतो. जितका ताण, तितकी फुलं."

"हर गोष्टीची हद्द राहते!"

"मंग तुह्या कागदात काहून नाही दाखवून राहिला?"

मला रागच आला. त्यालाही आला असावा, कारण तो तडक जाऊन विहिरीवरची मोटर सुरू करून आला. दुपारी मी आकृती मसुद्यात परत घातली आणि सरांना पाठवून दिली. यात शौर्यबिर्य काही नव्हतं. रात्री दादासमोर जेवायला बसायचं होतं.

सरांनी तो मसुदा पुढं पाठवलाच नाही. करारही वाढला नाही. मे महिन्यात सगळं सामान घेऊन पांढुर्ण्याला उतरलो, तेव्हा दादा मोटारसायकल घेऊन हजर होता. बाग अर्धीमुर्धीच फुलली होती, हे मला वहिनीनं फोनवर सांगितलं होतं. माझ्या मांडीवर पुस्तकांचं खोकं होतं, पाठीशी गादीची वळकटी बांधलेली. सौसरच्या चौकात एका ओळखीच्यानं गाडी थांबवली आणि सामानाकडं बघत विचारलं, "भाऊ कसा काय आला?"

"छुट्टीवर आला ना," दादा म्हणाला.

मागं बसल्या बसल्या मला रडू आलं.